पद्मिनीचा डावा मडगार्ड: ट्रकनं कमी आणि हातोडीनं जास्त बिघडवलेला

गाडी १९७४ ची प्रीमियर पद्मिनी. आरसी बुकात पद्मिनी असली तरी मालक, मिस्त्री, समोरचा चहावाला सगळे फियाटच म्हणतात, म्हणून मीपण फियाटच म्हणतो. तसंही १९६४ पासून कुर्ल्याच्या प्रीमियर कारखान्यात फियाट ११०० डिलाइट म्हणून ही गाडी निघत होती, ७४ ला पद्मिनी नाव लागलं, पत्र्याला काय त्याचं. आणि ही ती जुनी डुक्कर फियाट नव्हे हां, ती आधीची, गोल पाठीची, लोक दोन्हीत घोळ घालतात.

मालक रिटायर्ड शिक्षक, रत्नागिरीकडचे, आम्ही गुरुजीच म्हणायचो. गाडी त्यांच्या वडिलांची. घर समुद्रापासून हाकेच्या अंतरावर, गाडी उभी असायची जांभ्याच्या भिंतीला लागून पत्र्याच्या शेडमध्ये. म्हणजे खारा वारा, चार महिने कोकणातला पाऊस आणि लाल माती, गंजाला आणखी काय पाहिजे सांगा. तक्रार एकच होती, डाव्या बाजूच्या मागच्या मडगार्डावर दर पावसाळ्यानंतर फोड येतात, रंगवून घेतो, वर्षभरात परत येतात. नऊ वर्षांत चार वेळा रंगवलाय म्हणाले. "रंग चांगला वापरत नसतील हो, तुम्ही चांगल्यातला मारा, आणि गणपतीच्या आत द्या." असं म्हणून गुरुजी आंबा घाटातून एसटीनं परत गेले आणि गाडी आमच्याकडं, कोल्हापूरच्या उद्यमनगरातल्या वर्कशॉपमध्ये राहिली.

आता रंग मारून मोकळं होणं सोपं होतं, तीन दिवसांचं काम. पण चार वेळा रंगवून तोच फोड त्याच जागी येत असेल तर रंगाचा काय दोष, हे कळायला मिस्त्री लागत नाही. आमच्या मिस्त्रींनी नेहमीचं केलं, फडक्यात गुंडाळलेला लोहचुंबक घेतला आणि मडगार्डावर वरून खाली फिरवायला सुरुवात केली. वरती पंखाच्या कडेला, म्हणजे ते मागचं जरा वर आलेलं टोक आहे ना तिथं, चुंबक टपकन चिकटला. चाकाच्या कमानीच्या वर आला तसा सैल पडला. कमानीच्या मागं तर सरळ हातातच राहिला, पत्रा आहे की नाही असं, म्हणजे तिथं रंगाखाली पुट्टीचा जाड थर. उजव्या बाजूला मात्र सगळीकडं चिकटत होता, फक्त कमानीच्या खालच्या कडेला जरासा सैल. हे उजव्या बाजूचं लक्षात ठेवा, पुढं कामाला आलं.

पुट्टी काढायला आम्ही ग्राइंडर लावत नाही. एक तर धुरळा इतका होतो की शेजारच्या लेथवाल्याशी भांडण ठरलेलं, दुसरं म्हणजे जुन्या गाडीच्या रंगात शिसं असू शकतं ते सगळं नाकात जातं, आणि तिसरं म्हणजे चकती पुट्टीतून कधी पत्र्यात उतरली ते कळत नाही, पत्रा अजून पातळ होऊन बसतो. हीट गननं गरम करायचं आणि पट्टीनं खरवडायचं, पापुद्रे निघत जातात. रंगाचे थर झाडाच्या खोडाच्या वलयासारखे मोजता येत होते, पांढरा, क्रीम, परत पांढरा, एक हिरवट निळा, आणि अगदी खाली तो मूळचा. पुट्टीचा एक तुकडा अख्खा निघाला, वहीच्या आकाराचा, कडेला व्हर्नियर लावला तर ११ मिलीमीटर. अकरा! पत्रा असतो एक मिलीमीटरच्या आत आणि त्यावर अकरा मिलीमीटर पुट्टी. पोऱ्यानं तो तुकडा खिळ्याला टांगून ठेवलाय वर्कशॉपमध्ये, अजून आहे.

पत्रा उघडा पडल्यावर खरी गोष्ट दिसली. कमानीच्या वर साधारण दीड फूट लांब आडवी घडी होती, ट्रकची बाजू घासून गेलेली, गुरुजींना आठवलं फोनवर, घाटात नव्वदच्या दशकात कधीतरी. ट्रकनं केलेलं नुकसान म्हणजे ही घडी आणि तिच्या वर थोडा फुगवटा, बस्स, खरं तर दोन दिवसांचं काम. पण घडीच्या आजूबाजूला अर्धचंद्राच्या आकाराचे हातोडीचे ठसे होते, शेकड्यानं, आतून मारलेले. मागं डॉली, म्हणजे टेकू म्हणून धरायचा लोखंडी ठोकळा, न धरता जड हातोडीनं नुसतं आतून बाहेर ठोकत गेलेला कोणीतरी. त्यानं बाहेर आलं नाही म्हणून मग ड्रिलनं भोकं पाडली, भोकात स्क्रू फिरवायचा आणि ओढायचं. २३ भोकं मोजली आम्ही. आणि ती भोकं तशीच ठेवून वरून पुट्टी. चाकानं उडवलेलं पाणी आतल्या बाजूनं त्या भोकांतून पुट्टीला मिळणार, पुट्टी ते पिऊन घेणार, पत्रा पुट्टीखाली गंजणार, गंज फुगणार, रंगाला फोड येणार. चार वेळा रंगवला तो या फोडावर मलम लावल्यासारखा. कोणी केलं ते गुरुजींना नीटसं आठवत नव्हतं आणि मला नाव जाणून घ्यायचंही नव्हतं, गर्दीच्या सीझनला आपणपण अशी कामं होताना बघितलीत.

इथं गुरुजींना फोन केला, दोन पर्याय सांगितले. एक, भंगारातल्या गाडीचा अख्खा मडगार्ड कापून आणून लावणं. दोन, आहे तोच सरळ करणं आणि खालचा गंजलेला भाग नवा बनवून जोडणं. गुरुजींचा पुतण्या मुंबईत, त्यानं हौसेनं कुर्ल्याच्या भंगार बाजारातून एक कापलेला मडगार्ड पाठवूनसुद्धा दिला. टॅक्सीचा होता, आतल्या बाजूला काळा-पिवळा रंग उडालेला स्पष्ट दिसत होता. जिथं गाडी बनली तिथंच कुर्ल्याला भंगारात गेली म्हणायची. मुंबईत पद्मिनी टॅक्सी ऑक्टोबर २०२३ ला कायमच्या बंद झाल्या तेव्हापासून असे तुकडे मिळतात पण ते टॅक्सीचे, म्हणजे आयुष्यभर धक्के खाल्लेले. चुंबक लावला तर त्यातपण पुट्टी. आणि गंज कुठं? कमानीच्या मागच्या खालच्या कोपऱ्यात, बरोबर आमच्या गाडीला होता तिथंच. आमच्या उजव्या बाजूला चुंबक जरा सैल झाला होता ती जागापण तीच. तीन मडगार्ड, तीन वेगवेगळी आयुष्यं, गंज एकाच ठिकाणी, म्हणजे तो निव्वळ कोकणाचा दोष नाही. तिथं आतून कड दुमडलेली आहे, चाकानं उडवलेली माती त्या घडीत बसते आणि वाळून विटेसारखी होते, पुढच्या पावसात ओली राहते ती उन्हाळ्यापर्यंत. आम्ही आतून कोरून काढली तर लाल जांभ्याची माती निघाली, ओंजळभर.

आणि एक कागदाचापण मुद्दा होता. केंद्राच्या २०२१ च्या नियमानुसार ५० वर्षांवरची, मूळ रूपात ठेवलेली गाडी विंटेज म्हणून नोंदवता येते, नंबरात व्हीए अक्षरं येतात, पण चासी, बॉडीशेल, इंजिनात मोठा फेरफार झालेला चालत नाही. गुरुजींच्या डोक्यात ते होतं, गाडीला २०२४ ला पन्नास झालीत. दुसऱ्या गाडीची अख्खी बाजू कापून लावण्यापेक्षा हिचाच पत्रा वाचवलेला बरा, असं ठरलं. मला तर आधीपासून तेच पाहिजे होतं, खोटं कशाला बोलू.

आता मुख्य गोष्ट, जिच्यासाठी हे सगळं लिहायला बसलो. पत्रा ठोकताना तो फक्त वाकत नाही, तो लांबतो. मागं बरोबर त्याच जागी डॉली धरून वरून मारलं की पत्रा दोघांमध्ये चेपतो, पातळ होतो, म्हणजे आजूबाजूला पसरतो, भाकरी थापल्यासारखा. आणि पसरलेल्या पत्र्याला जायला जागा नाही, चारी बाजूंनी मडगार्ड आहे, मग तो एक तर बाहेर फुगतो नाहीतर आत बसतो. अंगठ्यानं दाबला की टक करून आत, सोडला की टक करून बाहेर, तेलाच्या डब्याच्या बुडासारखा. ही टक टक म्हणजे इथं पत्रा जागेपेक्षा जास्त झालाय. मधे जास्त झाला तर फुगा, कडेला जास्त झाला तर पापडाच्या कडेसारख्या लाटा. मागच्या कारागिरानं घडीभोवती इतकं ठोकलं होतं की दोन वीत जागेत पत्रा नक्कीच काही मिलीमीटर जास्त झाला होता, आणि तो जास्तीचा पत्रा सरळ करण्यासाठी कितीही ठोका, अजून जास्तच होणार. म्हणून तर त्यानं शेवटी हात टेकले आणि पुट्टी लावली. त्याला वाटलं असणार पत्रा कडक आहे, ऐकत नाही.

कडक झाला होता हेपण खरं आहे म्हणा. थंड लोखंड ठोकलं की कडक होत जातं. पुण्यात कसबा पेठेत तांबट आळी आहे तिथं हे कोणीपण सांगेल, तांब्याचं भांडं मठारताना मधे मधे भट्टीत तापवून मऊ करावं लागतं नाहीतर चिरतं. आमचे मिस्त्रीपण पत्रा गुळगुळीत करायला मठारणं हाच शब्द वापरतात, हलक्या हातोडीनं, शेजारी शेजारी, एकावर एक न पडता. डेंटिंगच्या कामात हा शब्द मी दुसऱ्या कोणाकडून ऐकला नाही, बहुतेक त्यांच्या आजोळचा.

क्रम असा ठेवला. आधी घडी. नियम जुनाच आहे, जे शेवटी पडलं ते आधी काढायचं, म्हणजे आधी वरचा फुगवटा, कारण ट्रक पुढून मागं घासत गेला तेव्हा घडी आधी पडली आणि तिच्यामुळं वरचा पत्रा नंतर फुगला. फुगवट्यावर बाहेरून हलकी हातोडी आणि आतून डॉली, पण डॉली फुगवट्याखाली नाही, घडीच्या खोलात. असं एकाच वेळी उंच खाली जातं आणि खोल वर येतं आणि पत्रा चेपत नाही, नुसता हलतो. बघणाऱ्याला वाटतं मिस्त्रीचा नेम चुकतोय. दीड तासात घडी जवळपास गेली, खरंच, मलापण आश्चर्य वाटलं. म्हणजे ट्रकचं सगळं नुकसान दीड तासाचं आणि पुढचे चार दिवस आम्ही दुसऱ्याची हातोडी उतरवत बसलो.

मग ती २३ भोकं. मागं तांब्याची जाड पट्टी दाबून धरायची आणि पुढून सीओटू वेल्डिंगनं भोक भरायचं, तांब्याला वेल्ड चिकटत नाही आणि उष्णतापण ते शोषून घेतं. इथं मिस्त्रींची एक गोष्ट मला फार आवडली. वेल्डचा ठिपका थंड होताना आकसतो, आजूबाजूचा पत्रा स्वतःकडं ओढतो, एरवी ही कटकट असते. पण आमचा पत्रा तर जास्तच होता! म्हणून त्यांनी भोकं ओळीनं न भरता, आधी जिथं टक टक सगळ्यात मोठी तिथली भरली, थांबले, अंगठ्यानं दाबून बघितलं, मग दुसरीकडची. अर्धी टक टक भोकं भरण्यातच गेली. ज्यानं भोकं पाडली त्याचे आभार मानायचे म्हणजे आता.

उरलेल्याला गॅस. बारीक नोझल, फुगवट्याचा सगळ्यात उंच बिंदू हातानं शोधायचा. डोळ्यानं नाही, हातानं, तळवा सपाट ठेवून लांबून लांब फिरवायचा, मधे सुती फडकं ठेवलं तर अजून चांगलं कळतं. त्या बिंदूवर शर्टाच्या मोठ्या बटणाएवढी जागा लाल करायची, शेड जरा अंधारी पाहिजे म्हणजे लाली दिसते, कोल्हापूरच्या पावसात अंधाराची कमी नव्हती. लाल झालेला ठिपका फुगून वर येतो कारण गरम पत्रा पसरतो पण भोवतालचा थंड पत्रा त्याला जागा देत नाही. लगेच आतून डॉली हलकी टेकवायची आणि ठिपक्याच्या भोवती चार टोले, मग मधे एक. त्यानं मऊ झालेला पत्रा पसरायच्या ऐवजी स्वतःतच जाड होतो. लाली गेली की ओलं फडकं. थंड होताना आकसतो तो पहिल्यापेक्षा जास्त आकसतो, आणि तेवढा पत्रा कमी झाला. शिंपी जसा जास्तीचा कपडा चुण्या घालून बाहीत बसवतो तसंच, फक्त इथं चुणी दिसत नाही.

यात हावरटपणा करायचा नाही. मी केला. मिस्त्री जेवायला गेले आणि मी म्हटलं अजून दोन ठिपके मारतो, पहिल्याच्या अगदी शेजारी मारले, थंड होईपर्यंत थांबलो नाही. पत्रा इतका आकसला की मधे बशी झाली आणि कमानीच्या कडेला लाट उठली. मिस्त्री आले, बघितलं, काही बोलले नाहीत, डॉली घेऊन त्याच ठिपक्यांवर ठोकून पत्रा परत थोडा लांबवला. अर्धा दिवस गेला. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

शेवटचं बारीक काम चकतीनं. ग्राइंडरला गुळगुळीत स्टेनलेसची चकती लावतात, धार नसलेली, ती घासून फक्त उंच जागा तापतात, लगेच ओलं फडकं मारलं की तेवढ्याच आकसतात. खोल जागेला चकती लागतच नाही. आवाज मात्र असा की अख्ख्या उद्यमनगरला कळतं आपलं काय चाललंय.

आता खालचा कोपरा, जिथं पत्राच नव्हता, नुसती गंजाची जाळी. कापायच्या आधी नमुना घ्यायला पाहिजे पण डावीकडचा आकार तर गेलेला. म्हणून उजव्या बाजूचा घेतला, लग्नपत्रिकेच्या जाड कागदावर, आमच्याकडं एक खोकं भरून आहेत, आणि उलटा करून वापरला. उलटा करायचा विसरलेला मी एकदा बघितलाय, नाव सांगत नाही, आरशात बघतो रोज. कुर्ल्याच्या तुकड्याचाही उपयोग झाला, कमानीचा बाक जुळतोय का ते बघायला आणि नंतर पोऱ्याला वेल्डिंग शिकायला.

मूळ पत्रा घासून मोजला तर ०.९ मिलीमीटर भरला, म्हणून २० गेजचा सीआर, म्हणजे थंड लाटलेला पत्रा, आणि तोपण ईडीडी ग्रेडचा, खोल ओढायला बनवलेला, मऊ असतो. साधा पत्रा स्वस्त पडतो पण कमानीची कड दुमडताना चिरतो. कारण ही कड आतल्या बाजूला वळते आणि वळताना तिला लांबावं लागतं. विचार करा, गोल भोकाच्या आतली कड सरळ उभी करायची तर लहान गोलाचा मोठा गोल होतो, पत्रा कुठून आणणार, ताणूनच. थाळीची कड उभी करताना उलटं, तिथं पत्रा जास्त होतो, चुण्या पडतात. म्हणून आधी कडेची बारीक धार कानसनं पूर्ण घालवायची, एक जरी खाच राहिली तरी चीर तिथूनच सुरू होते, आणि मग एकदम न वळवता चार पाच फेऱ्यांत, दरवेळी थोडी थोडी. कमानीच्या वरचा पोटाचा बाक वाळूच्या पिशवीवर लाकडी मोगरीनं काढला. यंत्रबिंत्र नाही आमच्याकडं, चिंचेचा ओंडका आहे, वर खळगा केलेला, मिस्त्रींच्या वयाचा.

जोड कडेला कड लावून, एकावर एक नाही. एकावर एक लावलं तर करायला सोपं पण मधल्या फटीत पाणी बसतं आणि दहा वर्षांनी अजून कोणीतरी असंच काहीतरी लिहीत बसतो. इंचा इंचावर टाके, एक इथं तर पुढचा लांब तिकडं, हात लावता येईल इतकं थंड होईपर्यंत थांबायचं. पोऱ्यानं एका जागी घाई केली, चार इंच सलग ओढला, जोडाच्या रेषेत दरी पडली, सरळ दिसत होती. पोरगं रडवेलं झालं. मिस्त्री म्हणाले, "रडतंयस कशाला, आकसलाय तेवढा लांबव." वेल्ड घासून पत्र्याच्या बरोबर केला आणि डॉलीवर ठेवून वेल्डवरच ठोकत गेले, दरी वर आली. तीच गोष्ट आहे बघा, जिथं जास्त तिथं आकसवायचा, जिथं कमी तिथं लांबवायचा, हातोडी तीच, पण आधी अंगठ्यानं दाबून कुठं काय झालंय ते बघणार तो माणूस पाहिजे.

इथपर्यंत सगळं बरं चाललं होतं आणि मग सिल. दाराच्या खाली जी पेटी असते ती. मडगार्डाचा खालचा कोपरा तिला येऊन मिळतो, तिथं स्क्रू ड्रायव्हर टोचला तर आत गेला. बाहेरचा पत्रा मागच्या दाराखाली सडलेला, आणि कारण तळाला मारलेलं डांबर. कोणीतरी भक्तिभावानं तळाला डांबर मारून पाणी जायची भोकंच बुजवून टाकली होती, वरून दाराच्या रबरातून झिरपलेलं पाणी आतच. कोकणात पावसाआधी खालून जळकं ऑइल मारायची पद्धत आहे, वास येतो, रबर खराब होतं, पण निदान भोकं उघडी राहतात, मला तर डांबरापेक्षा ते परवडतं.

गणपतीला बारा दिवस राहिले होते. मिस्त्री म्हणाले दाराच्या उघड्या जागेत पाइप मारून घेऊया, म्हणजे आतून आधार वेल्ड करूया, मगच सिल कापूया. मी म्हणालो, दोन फुटांचाच तुकडा कापायचाय, कशाला, अर्धा दिवस जाईल. हा निर्णय माझा, पूर्ण माझा. जीपसारखी वेगळी चासी या गाडीला नाही, बॉडीच सगळं वजन पेलते आणि त्यात सिल म्हणजे कंबरेचं हाड. गाडी पुढं आणि मागं स्टँडवर उभी होती, सिल कापली, आणि मधला भाग अगदी थोडा खाली बसला. डोळ्याला काही दिसलं नाही. नवीन तुकडा बसवला, सहा टाके मारले, आणि मिस्त्रींनी सवयीनं मागचं दार लावून बघितलं. लागेना. वरच्या कोपऱ्यात फट पाच मिलीमीटर होती ती दोनवर आलेली, खाली तितकीच वाढलेली. मधून कमान खचली की वरती दगड एकमेकांना चिकटतात आणि खाली फाकतात तसं. सहा टाक्यांऐवजी पूर्ण वेल्ड मारला असता तर ती गाडी कायमची वाकडी झाली असती, आणि मग दाराच्याच कडा घासत बसलो असतो. तसं केलेल्या गाड्या आहेत रस्त्यावर भरपूर, दार लावताना ज्यांचं दार जरा उचलून आपटावं लागतं ना, त्या.

टाके कापले. फ्लोअरखाली लाकडी फळी, तिच्याखाली बॉटल जॅक, एक एक पंप आणि दरवेळी फट मोजायची. पाच आली, जरा पुढं जाऊन साडेपाच केली कारण जॅक सोडल्यावर थोडं बसतं. मग इंची चौकोनी पाइप दोन्ही दारांच्या जागेत तिरके वेल्ड केले, जे आधी करायला पाहिजे होतं. यावेळी पाइप असे बसवले की दारं टांगलेली राहतील, आणि दर दोन तीन टाक्यांनंतर दार लावून बघितलं. अर्धा दिवस वाचवायला गेलो आणि दोन दिवस गेले. मिस्त्री यावेळी बोलले, "मालक, गाडी तुमच्या गणपतीला थांबणाऱ्यातली नाही." एवढंच.

सिल आणि मडगार्ड मिळतात त्या जोडावर मिस्त्रींनी पुट्टी लावू दिली नाही. तिथं त्यांनी जुन्या पद्धतीनं शिसं भरलं. आधी कल्हई, हो कल्हईच, तांब्या-पितळेच्या भांड्याला नवसागर टाकून कल्हईवाला करायचा तीच, पत्र्यावर कथलाचा पातळ थर चढवायचा म्हणजे शिसं धरतं. मग ३० टक्के कथील ७० टक्के शिशाची कांडी. ती १८३ अंशाला मऊ पडायला लागते आणि अडीचशेच्या वर जाऊन पूर्ण पातळ होते, मधल्या टप्प्यात लोण्यासारखी असते, तेल लावलेल्या लाकडी फळीनं पसरवायची. फार गरम केलं की सगळं जमिनीवर, पहिल्यांदा तसंच झालं. नवसागराचा अंश राहिला तर रंग उठतो म्हणून खायच्या सोड्याच्या पाण्यानं धुतलं आणि मग साध्या पाण्यानं. घासायला फक्त कानस, ग्राइंडर नाही, शिशाची पूड हवेत उडवायची नाही, आणि हात धुतल्याशिवाय कोणी वडापावला हात लावायचा नाही असा कायदा. मला विचाराल तर एवढं प्रत्येक गाडीला करायची गरज नाही, आजकालची चांगली पुट्टीपण बरोबर लावली तर टिकते. पण जोड जिथं हलतो आणि कडेला धक्का लागतो तिथं शिसं भारीच.

उरलेलं भराभर सांगतो. पावसात उघडा पत्रा रात्रीत तांबूस होतो, म्हणून रोज जेवढा भाग पूर्ण झाला तेवढ्याला त्याच संध्याकाळी इपॉक्सी प्रायमर, हॅलोजन लावून पत्रा कोमट करून. काळ्या स्प्रेची हलकी धूळ मारून लांब फळीवर ८० चा पॉलिश पेपर लावून घासलं, काळं राहिलं ते खोल, चमकलं ते उंच, दोन ठिकाणी परत मठारलं. पुट्टी लागलीच, पण जाडीला मिलीमीटरभरसुद्धा नाही, पोस्टकार्ड दोन तीन एकावर एक ठेवा तेवढी. रंग मूळचा, सगळ्यात खालच्या थरातला जुळवून. रंग सुकल्यावर सिलच्या आत लांब नळीनं मेण मारलं आणि तळाची डावीकडची चारही भोकं तारेनं उघडी करून गुरुजींना वाकायला लावून दाखवली. उजव्या बाजूच्या कोपऱ्यातली मातीपण काढली, तिथं गंज नुकता सुरू झाला होता, घासून इपॉक्सी मारून थांबवला. तो भाग बिलात नव्हता पण दिसल्यावर सोडवत नाही.

गाडी गणपतीच्या आदल्या दिवशी संध्याकाळी दिली. गुरुजी स्वतः आंबा घाटातून चालवत गेले, रात्री फोन आला, दार एका बोटानं लागतंय म्हणून. अकरा मिलीमीटरच्या पुट्टीचा तुकडा बरोबर न्यायला मागत होते, नातेवाइकांना दाखवायला, पोऱ्यानं दिला नाही.

पंखाच्या खाली साधारण हाताच्या पंजाएवढी एक जागा आहे, संध्याकाळचं तिरकं ऊन पडलं की तिथं प्रतिबिंब जरासं वाकतं. मी जिथं जेवणाच्या सुट्टीत ते दोन ठिपके मारले होते तीच. गुरुजींना दिसलेलं नाही. मिस्त्रींना दिसलं होतं, द्यायच्या आदल्या दिवशी, त्यांनी तिथं दोनदा हात फिरवला आणि माझ्याकडं बघितलं, आणि बाहेर पाऊस लागला होता.